मेणाचा गूलवेन

हे मी लिहिणारच नव्हतो. कागद टाइपरायटरवर चढवायचो, बघत बसायचो, परत काढून ठेवायचो. बार्बा मावशीचं म्हणणं, ज्याचा क्रूस देवळात गेला त्याचं नाव उगाच घ्यायचं नाही, कागदावर तर नाहीच. मी काही तिच्याइतका मानणारा नाही. पण रात्री नाही, भर दुपारी लिहायला बसलोय, यावरून काय ते समजा.

तर लढाईतलं त्रेचाळीस साल, पानगळीचा महिना. आमच्या बेटावर झाडं नाहीत, त्यामुळे पानगळ आम्हाला वाऱ्यावरून कळते. बेटावर जर्मनांचा अंमल होता, आणि मावशीची मुलगी सोआझिग हिला त्यांनी पलीकडच्या किनाऱ्यावर, ब्रेस्तमध्ये पकडलं. ती तिथे जर्मन इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. हवा होता त्यांना तिचा भाऊ, गूलवेन. दोन वर्षं तो ब्रेस्तच्या बंदरात मासे विकायचा आणि कुठली पाणबुडी कधी बाहेर पडली, कुठल्या वाटेनं गेली, सगळं डोक्यात भरून इथून पलीकडे इंग्लंडला कळवायचा. कागदाचा कपटा कधी ठेवला नाही. शेवटी कोणीतरी तोंड उघडलं. मग जर्मनांनी बहिणीला कोठडीत टाकलं आणि बेटावरच्या कमांडरकरवी निरोप धाडला: भाऊ हातात आला की बहीण सुटेल. नाहीतर ती पुढच्या गाडीनं जर्मनीला जाईल. त्या गाडीनं गेलेलं कोणी परत आलेलं आम्ही ऐकलं नव्हतं.

म्हणून जाकेझमामानं गूलवेनला मारायचं ठरवलं. म्हणजे मेल्यासारखं. त्याची होडी आम्ही पश्चिमेच्या खडकांवर आपटून फोडली. गूलवेन पोहत किनाऱ्याला लागला, आणि ताप घेऊन लागला.

आता तो मावशीच्या चुलीपुढे बसला होता. पाय गरम पाण्याच्या घमेल्यात, अंगावर दोन घोंगड्या, दात वाजतायत. मावशी त्याची आई. मामा तिचा मोठा भाऊ आणि गूलवेनचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मबाप. मी मावसभाऊ, दाराशी उभा राहून बाहेर लक्ष ठेवत होतो.

"पोरगं समोर बसलंय, दादा," मावशी म्हणाली. "माझ्या चुलीपुढे. आणि तू म्हणतोस मी त्याचा प्रोएला करू?"

समुद्रात गेलेल्याचं प्रेत आमच्याकडे सहसा मिळत नाही. मग बोटभर मेणाचा क्रूस करतात. टेबलावर पांढरं कापड, त्यावर तो क्रूस, आणि तो क्रूस म्हणजेच तो माणूस. त्याच्याशेजारी जागायचं, दुसऱ्या दिवशी पाद्री येऊन त्याला देवळात नेतो आणि तिथल्या लाकडी पेटीत ठेवतो. झाला माणूस पुरून. याला प्रोएला म्हणतात. माझ्या बापाचा झाला, आजोबांचा झाला.

"फुटकी होडी कमांडरला दाखवली," मामा म्हणाला. "तो म्हणतो, होडी काय, कोणीही फोडेल. पण त्याचा तो दुभाष्या आहे ना, मोर्वान? तो आपल्यातलाच, पलीकडच्या किनाऱ्यावरचा. तो त्याला म्हणाला, साहेब, ह्या बेटावरच्या बायका जिवंत माणसाचा क्रूस करणार नाहीत. मान कापली तरी. प्रोएला झाला तर माणूस मेला म्हणून समजा."

"बरोबरच सांगितलं त्यानं. नाहीच करत."

"म्हणून तर करायचा!"

"आई," गूलवेन घोंगडीतून म्हणाला, "मेणाचाच आहे गं. वितळला की त्याची मेणबत्ती कर."

"तू गप. मेलेली माणसं बोलत नाहीत."

मामा हसला. मी पण हसलो. मावशी हसली नाही. ती काही चेष्टेत बोललीच नव्हती.

"ती पेटी रिकामी गोष्ट घेत नाही," ती म्हणाली. "क्रूस आत गेला की माणूस जातो. तो नाही गेला तर त्याच्याबदल्यात घरातलं दुसरं कोणी. आमच्या आजीच्या वेळी टिकोसांच्या पोराचा असाच केला होता. जहाज बुडाल्याची खबर आलेली. पोरगा होता कुठल्याशा इस्पितळात, जिवंत. आला ना परत. आईनं गळ्यात पडून घेतला. त्याच हिवाळ्यात त्याची बहीण विहिरीत मिळाली."

"पाय घसरला असेल," मी म्हणालो.

"तुला विचारलं कोणी, तांगी?"

घमेल्यातलं पाणी गार होत होतं. मग गूलवेनच म्हणाला, "आई, सोआझिग आत्ता विहिरीतच आहे असं समज."

मावशीनं त्याच्याकडे बघितलं. मग उठली, कपाटावरच्या डब्यातलं देवळाच्या मेणबत्त्यांचं उरलेलं मेण काढलं आणि चुलीजवळ तळहातावर मळायला लागली. भाकरीचं पीठ मळावं तसं.

"ऐक," ती मळता मळता म्हणाली. "खोटं खोटं नाही करणार मी. खोटं ओळखतात ते. मी तुला खरंच देणार. आणि एकदा दिला की परत मागणार नाही. उद्या तू दारात येऊन आई म्हणालास तरी नाही."

"लढाई संपली की येईन तेव्हा बघू."

"तेव्हाच सांगतेय मी."

"बरं बाई," गूलवेन म्हणाला आणि खोकायला लागला. त्याचा खोकला लहानपणापासून तसाच. आधी घशात बेडकासारखा एक आवाज, मग खोकला.

मामा म्हणाला, "पेरीनला कोण सांगणार?"

पेरीन म्हणजे गूलवेनची बायको. आमच्याकडे बायकांचं घर, शेत वेगळं असतं, पुरुष दर्यावर. तिचं घर बेटाच्या दुसऱ्या टोकाला.

"तिला काही सांगायचं नाही," मावशी म्हणाली. "तिचा चेहरा काचेचा आहे. आतलं सगळं दिसतं."

"मावशी, नवरा आहे तिचा!"

"आणि माझा कोण आहे? शेजारी?"

मामा आधी माझ्या बाजूनं होता. "बार्बा, हे पाप होईल," म्हणाला. मावशीनं फक्त "सोआझिग" एवढं नाव घेतलं आणि तो तिच्या बाजूला गेला. गूलवेन घमेल्यात बघत बसला. त्यानं हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. पेरीननं हे त्याला पुढे कधी माफ केलं नाही. बाकी सगळं केलं.

*

पेरीनवहिनीनं मला नंतर सांगितलं ते असं.

ती बटाटे काढत होती. वाकलेली, पाठ वाऱ्याकडे. सरळ झाली तर घरासमोर जाकेझमामा. काळा कोट, टोपी हातात. खिडकीची काच बोटानं वाजवत होता. टक, टक, टक. घरात कोणी नाही, चूलसुद्धा विझलेली, हे त्याला दिसत होतं. तरी वाजवत होता.

"मामा!" तिनं हाक मारली. "मी इथे आहे!"

तो वळला नाही. काचेकडे तोंड करूनच म्हणाला, "पोरी, आज तुझ्या माणसाचा प्रोएला आहे."

धर्मबापानं असंच सांगायचं असतं. काच वाजवून, काचेला. पेरीनला हे माहीत होतं, सगळ्या बेटाला माहीत असतं. ती म्हणते, "तांगी, मला रडू नाही आलं. मला वाटलं, घरात कोणीतरी दुसरी पेरीन आहे आणि हा तिला सांगतोय. मी तशीच कुदळ घेऊन उभी. त्या आतल्या बाईची मला दया आली."

मग ती घरात गेली, हात धुतले, काळा पोशाख घातला आणि मामाबरोबर चालत निघाली. वाटेत एकच वाक्य बोलली.

"मामा, गूलवेन समुद्रात बुडत नाही. धुण्याच्या टबात बुडेल एक वेळ."

मामा मला म्हणाला, मी पोरीकडे बघितलंच नाही रे. बघितलं असतं तर सांगून टाकलं असतं.

*

जागरण रात्रीचं असतं. पण रात्री घराबाहेर दिसाल तर गोळी, असा जर्मनांचा हुकूम. म्हणून त्या वर्षांत आम्ही प्रोएला दिवसा करायचो. खिडक्या बंद, फटींत चिंध्या, दारावर घोंगडी. बाहेर लख्ख ऊन आणि आत रात्र. तुम्ही कधी अशा घोंगडीखालून आत शिरला नसाल. डोळ्यांना काही दिसत नाही आणि कानाला वीस बायकांचा श्वास ऐकू येतो.

मावशीचं घर सगळं फुटलेल्या जहाजांच्या लाकडाचं, निळं रंगवलेलं. भिंतीला लागून कपाटासारखे पलंग, सरकत्या दारांचे. आत शिरायचं, दार ओढायचं, की खोलीत खोली. गेलेल्या माणसाच्या पलंगाचं दार क्रूस देवळात जाईपर्यंत कोणी उघडत नाही. दाराला माळ टांगतात. बेटावरचा कुठलाही हात त्या माळेला लागणार नाही.

गूलवेन त्या पलंगात होता.

दुसरी जागाच नव्हती. किनाऱ्यावर पहारा, वाड्यांवर झडत्या. मामा म्हणाला, देवळाच्या पोटमाळ्यावर कुत्रीसुद्धा नेली होती त्यांनी. मावशीनंच सांगितलं, "त्याला त्याच्या पलंगात झोपव. मेलेला माणूस तिथेच असतो."

टेबल पलंगाला लागूनच. पांढरं कापड, दोन मेणबत्त्या, मधे तो बोटभर क्रूस. मावशीनं तो इतका घट्ट मळला होता की त्यावर तिच्या बोटांच्या रेषा उमटलेल्या. प्रार्थना सांगायला फांत आजी. तिचं वय कोणाला माहीत नाही. तिनं एक नवरा, तीन मुलगे असे मेणाचेच पोचवलेले. तिला काही सांगितलेलं नव्हतं. फक्त आम्हा तिघांना माहीत: मावशी, मामा, मी.

प्रार्थनांच्या मधे बोलणं चालतंच. जवाचं काळं पाणी, ज्याला आम्ही कॉफी म्हणायचो, फिरत होतं.

"नाचायला उठला की जमिनीला धडकी भरायची," कोणीतरी म्हणालं.

"माझ्या पायाचं नख गेलंय त्याच्यापायी. लग्नात."

"गातही कसा होता!"

"त्याला गाणं म्हणतेस? आमची मेंढी बरी."

हळूच हसल्या. मग कोणीतरी हुंदका दिला. पेरीन टेबलाच्या पलीकडे बसली होती, क्रूसाकडे बघत. डोळे कोरडे ठाक. बायका तिच्याकडे बघून एकमेकींकडे बघायला लागल्या.

तेवढ्यात घोंगडी वर झाली, उन्हाची पट्टी आत पडली आणि मोर्वान दुभाष्या आला. शिपाई बाहेर थांबला. मोर्वाननं टोपी काढली, पवित्र पाण्यात डहाळी बुडवून क्रूसावर शिंपडलं, अगदी आपल्यासारखं, आणि मामाशेजारी बाकावर बसला. चाळिशीचा असेल. चांगले बूट. बूट सगळ्यांनी बघितले.

"दुःख झालं, मावशी," तो म्हणाला.

"झालं असेल तर बरं," बार्बा मावशी म्हणाली.

"मला बसावं लागेल थोडं. कमांडरसाहेब विचारतील."

"बस की. बाक देवाचा आहे."

तो बसला आणि पेरीनकडे बघायला लागला. तिचा चेहरा त्यानं पुस्तकासारखा वाचायला घेतला. मावशीनं जिला सांगितलं नव्हतं, कारण तिचा चेहरा काचेचा, तोच चेहरा आता आम्हाला बुडवणार होता. खरं काही माहीत नसल्यामुळेच ती रडत नव्हती! माहीत असतं तर निदान रडायचं सोंग तरी केलं असतं. ती नुसती चिडलेली होती. समुद्रावर, मामावर, त्या मेणावर.

"वहिनी," मोर्वान हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही रडत नाही."

"तुझ्यासाठी रडू?"

"नवऱ्यासाठी."

"ते मी आणि तो बघून घेऊ."

मोर्वान बूट पुढे-मागे हलवत राहिला. मग त्याची नजर टेबलावरून पलंगाच्या दाराकडे गेली आणि तिथे थांबली.

*

आता आतलं. हे गूलवेननं मला होडीत सांगितलं.

सुरुवातीला त्याला मजा वाटली. त्याच्या नाचाबद्दल ऐकून हसू आलं, घोंगडीचा बोळा तोंडात कोंबला. लहानपणी ताप आला की आई याच पलंगात झोपवायची, बाहेर बायका बोलत असायच्या, तसंच. मग फांत आजी म्हणायला लागली, 'गूलवेनच्या आत्म्याला शांती दे', आणि सगळ्या मागून म्हणायच्या, 'दे'. पुन्हा, 'दे'. पुन्हा. किती वेळ ते त्याला कळलं नाही. दाराच्या फटीतून मेणाचा वास येत होता.

"तांगी," तो म्हणाला, "माझे पाय कुठे आहेत ते मला कळेना. हलवले. हलले असतील. पण कळेना. मग वाटलं, मी आत नाही, बाहेर टेबलावर आहे, आणि आत दुसरंच कोणीतरी पडलंय. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मी माझा श्वास धरला. तो चालूच होता."

तेव्हा त्याला खोकला आला. बोळा आवळला, उशीत तोंड खुपसलं. पण आला.

*

सगळ्यांनी ऐकला. घशातला तो बेडकासारखा आवाज आणि मग खोकला.

प्रार्थना थांबली. मामानं डोळे मिटले. माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं ते कोणाच्या तरी पायावर ठेवलं, ती ओरडली नाही.

"कोण खोकलं?" मोर्वान म्हणाला.

तो उठला. टेबलाला वळसा घालून पलंगाच्या दारापाशी आला. माळेकडे बघितलं. हात वर केला आणि तो हात तसाच राहिला, माळेपासून टीचभर लांब. तोही आमच्याच मातीतला ना. आईनं त्यालाही सांगितलेलंच असणार.

"मी विचारतोय, कोण खोकलं?"

"तोच," फांत आजी म्हणाली.

"कोण तो?"

"गूलवेन, आणखी कोण? तूच आलास त्याच्या प्रोएल्याला आणि विचारतोस कोण?" ती त्याला खुळ्या पोराला समजवावं तसं सांगत होती. "येतात ते. बघायला येतात, कोण आलंय, कोण नाही. माझा माणूस आला होता. त्याचे बूट ओले होते, ती फरशी मी स्वतः पुसली. मधल्या पोरानं तर खुर्ची ओढली. खोकला म्हणजे काहीच नाही." मग ती दाराकडे वळली आणि म्हणाली, "पड रे बाळा शांत. होतंय आमचं आता."

तिच्या आवाजात अजिबात भीती नव्हती. तेच भयंकर होतं. माझ्या अंगावर काटा आला, आणि मला तर माहीत होतं आत कोण आहे!

मोर्वानचा हात अजून वरच होता. मला वाटतं त्यानं उघडलं असतं. बूट चांगले होते, नोकरी चांगली होती, कमांडर वाट बघत होता. त्याची बोटं माळेला लागलीच.

आणि तेव्हा दुसरा खोकला आला.

पलंगातून नाही. मोर्वानच्या मागून. खिडकीपाशी, जिथे कोणी बसलेलं नव्हतं, चिंध्या कोंबलेल्या त्या फटीजवळ. आधी घशात बेडकासारखा आवाज, मग खोकला.

गूलवेन शपथेवर सांगतो की तो एकदाच खोकला. दुसरा त्यानंही ऐकला. बाहेरून, असं म्हणतो.

मोर्वान वळला. खिडकीपाशी मेणबत्तीचा उजेड पोचत नव्हता. त्यानं क्रूसाची खूण केली, टोपी घेतली, घालायची विसरला, आणि घोंगडीत अडकत बाहेर पडला. शिपायाला काय म्हणाला ते आम्हाला बंद खिडकीतून ऐकू आलं. एकच शब्द. मेला.

तेव्हा पेरीन उठली. मला वाटलं पडते आता. ती टेबलाला वळसा घालून आली, पलंगाच्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसली आणि तिनं जो टाहो फोडला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. नवऱ्याचा खोकला तिला कळणार नाही होय? मेला म्हणून ज्याच्यासाठी थेंब काढला नाही, तो जिवंत आहे म्हणून ती रडत होती. आणि बाहेर रस्त्यावर उभ्या मोर्वाननं ते रडणंही ऐकलं.

*

बायका गेल्यावर पेरीन मावशीसमोर उभी राहिली.

"दार उघडा."

"क्रूस जाईपर्यंत नाही."

"आई, माझा माणूस आत आहे."

"तुझा माणूस टेबलावर आहे," मावशी म्हणाली. "आत जे आहे ते तुझं तू बघ. मी माझा दिला. मगाशी त्यानं खोकून पोच दिली, ऐकलंस ना?"

"कुठला खोकला? पहिला का दुसरा?"

मामा मधे पडायला गेला तर दोघी एकदम म्हणाल्या, "तू बस रे." "मामा, तुम्ही बसा." त्या दिवशी सासूसुनेचं एवढ्यावरच जमलं.

मग पेरीन परत पलंगापाशी बसली, दाराला गाल लावून. काय बोलली ते मी ऐकलं नाही, मुद्दाम बाहेर गेलो. येताना शेवटचं कानावर पडलं, "...आणि परत मेलास तर आधी मला सांगून मर, कळलं?" आतून लाकडावर बोट वाजलं. टक.

दुसऱ्या दिवशी पाद्री आला, क्रूस कापडात घेतला आणि सगळं बेट मागे निघालं. पहाऱ्यावरचे शिपाईसुद्धा रस्त्याच्या कडेला टोपी काढून उभे राहिले. तेवढ्या वेळात मी गूलवेनला उत्तरेच्या घळीतून होडीत घातला. लांब समुद्रात खेकडेवाल्यांची मोठी होडी थांबली होती. मी वल्हवत होतो, तो घोंगडीत. वर कड्यावरून ती काळी रांग चाललेली दिसत होती. सगळ्यात पुढे पाद्री, त्याच्या हातात एक पांढरा ठिपका.

"मी चाललो बघ," गूलवेन म्हणाला.

मी वल्हवत राहिलो. त्या दिवशी मला ते हसण्यासारखं वाटलं नाही.

*

सोआझिग सुटून आली. केस कापलेले, अर्धी झालेली, पण आली. मावशीनं तिला दारातच धरलं आणि तिच्या अंगावरून हात फिरवत राहिली, सगळं जागेवर आहे ना बघत. मग म्हणाली, "तुझा भाऊ गेला." सोआझिगला पुढे आम्ही खरं सांगितलं. तिनं आईला विचारलं तर मावशी म्हणाली, "त्यांना काय कळतंय."

पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात बोट आली आणि धक्क्यावर गूलवेन उतरला. अंगानं भरलेला, छातीवर पदक. पेरीन त्याला न्यायला आधीच ब्रेस्तला गेली होती, ती मागे उभी. धक्क्यावर निम्मं बेट. तो हसला, हात वर केला. "काय रे लोकहो!"

कोणी ओ दिली नाही.

वाईट वागले असं नाही. बाजूला झाले, वाट दिली, बघितलं मात्र कोणी नाही. आमच्याकडे लहान पोरालाही शिकवतात, बुडालेल्यानं हाक मारली तर ओ द्यायची नाही. जो देईल त्याच्या घरचं एक जाईल. फांत आजी तेवढी हात जोडून म्हणाली, "परत आलास होय बाळा? जा, जा." मामा टोपी हातात घेऊन उभा होता. गूलवेननं त्याला हाक मारली, "मामा!" मामाचं तोंड उघडलं, पण त्याला चार नातवंडं आहेत. तो रडत घरी गेला.

मावशीच्या दारात मी त्याच्यामागे होतो. ती आत मटण शिजायला लावत होती, भांड्यावर जळणाची गवताळ मातीची ढेकळं रचत; आमच्याकडे लाकूड नाही, मटण ढेकळांच्या आचेवरच शिजतं. तो म्हणाला, "आई."

हात थांबले. तिनं पाठ फिरवलेलीच होती. तिचे खांदे मला दिसत होते, आणि ते मला सांगता येणार नाहीत. कोपऱ्यात सोआझिग उभी, तोंडावर हात. मावशीनं वर बघितलं ते सोआझिगकडे. तिच्याकडेच बघत राहिली. मग एक ढेकूळ उचलून भांड्यावर नीट बसवलं.

"आई, मी आहे गं."

तिनं टेबलावर तीन ताटं मांडली, तिचं, सोआझिगचं आणि माझं. चौथं हातात घेतलं होतं. ते परत ठेवलं.

संध्याकाळच्या बोटीची वाट बघत आम्ही धक्क्याच्या उतारावर बसलो. पेरीन बोचकं घेऊन पुढे उभी होती. आता ते ब्रेस्तलाच राहणार होते. गूलवेन दगड पाण्यात टाकत होता.

"चिडलेला नाहीये मी," तो म्हणाला. "तिनं आधीच सांगितलं होतं. सोआझिगला काही झालं तर तिला... कळतंय मला. पण तांगी, दिवसभर पेरीनशिवाय कोणी ओ दिली नाही ना, की मला परत पाय सापडेनासे होतात. त्या पलंगातल्यासारखे. मला वाटतं खिडकीपाशी खोकला तोच खरा. आणि मी तो आत राहिलेला."

मला काय माहीत?

"तू तरी देशील का ओ?" तो म्हणाला. माझ्याकडे न बघता. मी नाही म्हटलं तर ते बघावं लागू नये म्हणून असेल.

माझा बाप मेणाचा गेला, आई नंतर गेली. माझ्या घरी मी एकटा. कोणी जायचंच तर मीच. हा हिशोब मी तेव्हा केला, खोटं कशाला सांगू. आणि माझ्या मनात खिडकीजवळचा तो दुसरा खोकलाही होता. म्हणजे मी ज्याला वचन देणार तो या दोघांतला कोण, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आताही नाही.

"हाक मार," मी म्हणालो.

"आता?"

"आता मार. आणि पुढेही कधीही मार. ब्रेस्तवरून मार, पाण्यातून मार, माझ्या खिडकीची काच वाजव. पहिल्या हाकेला देईन, दुसरीची वाट बघायला लावणार नाही."

त्यानं दगड खाली ठेवला. धक्क्यावरचे सगळे पाठमोरे, कान आमच्याकडे.

"तांगी," तो म्हणाला.

"ओ," मी म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं.